ओळखीला साक्षीदार हवा

२९ सप्टेंबर २०१० हा दिवस नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी शहादा तालुक्यातील टेंभली या छोट्याशा गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी आले, आणि मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या रंजना सोनवणे यांच्या हाती देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्यांच्याबरोबर गावातील आणखी नऊ जणांनाही क्रमांक मिळाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा तोवर वर्तमानपत्रात यायचा तो कुपोषणासाठी, नाही तर नर्मदेच्या विस्थापितांसाठी. त्या दिवशी तो प्रथमच वेगळ्या कारणाने साऱ्या देशाला माहीत झाला.

टेंभलीची निवड सहज झाली नव्हती. ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही, त्याला कागद मिळावा. ज्याला बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात कोणी ओळखत नाही, त्याला ओळख मिळावी, असे या योजनेचे सांगितलेले उद्दिष्ट होते. मग आरंभ करायला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या आदिवासी जिल्ह्यापेक्षा योग्य जागा कोणती? २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत जवळजवळ ६९ टक्के आदिवासी आहेत. आम्ही याच जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा या गावांतून आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. त्यामुळे टेंभलीत जे घडले, त्याकडे आम्हाला केवळ प्रेक्षक म्हणून पाहता येत नाही.

त्या घटनेला आता दीड दशक उलटून गेले. कागद नसलेल्याला कागद मिळाला का, हा प्रश्न आज विचारला पाहिजे. आणि तो नीट विचारायचा तर थोडे मागे, इतिहासात जावे लागेल. कारण माणसाची ओळख कोणी सांगायची, हा प्रश्न आधारपेक्षा फार जुना आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना आमच्या नंदुरबारहून गेला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने या गावाची नोंद केली आहे. येथे मराठे राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे तो सांगतो. त्या वेळी तो सुलतान मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघाला होता. पुढे कालिकतला वादळात जहाजे फुटली, सुलतानाने दिलेले नजराणे गेले, सोबतचे लोकही गेले. तरीही काही काळानंतर हा माणूस मालदीव बेटांत काझी झाला. त्याच्या हाती काय उरले होते? इल्म उरले होते, आणि त्या इल्मची पारख असणारी माणसे तेथे होती. त्या जगात माणसाची ओळख त्याच्या खिशात नसे. ती दुसऱ्या माणसाच्या जबानीत असे.

याचा अर्थ त्या काळी कागद नव्हते असा नाही. आमच्या खानदेशात आणि साऱ्या महाराष्ट्रात वतनाचा, जमिनीचा, हक्काचा तंटा सुटला की महजर लिहिला जाई. शब्द अरबी, कागद मराठी, आणि व्यवहार सगळ्या गावाचा. त्यावर पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन यांच्या साक्षी असत; कसब्याच्या ठिकाणी काझीचा शिक्काही असे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणबी नांगर काढी, वाणी तागडी काढी. कागदाला वजन येई ते त्यावरच्या साक्षीदारांमुळे. आपल्या निकाहनाम्याची रीत आजही तीच आहे. वकील आणि दोन गवाह यांच्यावाचून तो निव्वळ कागदच राहतो. हदीस तपासणाऱ्या विद्वानांनीही आधी हेच विचारले, की हे कोणी कोणाकडून ऐकले, आणि सांगणारा माणूस कसा होता. आमच्या तालुक्याच्या ‘शहादा’ या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, उर्दू शिकवणाऱ्याच्या कानाला त्यात ‘शहादत’ म्हणजे साक्ष ऐकू येते.

ही व्यवस्था निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्यासाठी गावातला मातब्बर उभा राहत नसे, त्याला न्याय मिळणे कठीण होते. डोंगरातल्या भिल्लाची, गावाबाहेरच्या महाराची साक्ष किती तोलामोलाची मानली जाई, हे सांगायला नको. परंतु ओळख हा माणसामाणसांतला व्यवहार होता, एवढे खरे.

इंग्रजी अमलात हा व्यवहार बदलला. १८६४ च्या एका कायद्याने सरकारनियुक्त काझीचे पद संपुष्टात आले. १८८० च्या काझी कायद्याने नेमणुकीची सोय पुन्हा झाली, पण त्या काझीला न्यायदानाचे वा प्रशासनाचे कोणतेही अधिकार नव्हते. म्हणजे काझीच्या वहीत ज्या पिढ्यांची नावे होती, ती वही समाजापुरती राहिली. सरकारदरबारी तिचे वजन उतरले. तिच्या जागी नवा साक्षीदार आला, आणि तो होता माणसाचा स्वतःचा अंगठा.

या अंगठ्याची कथा आपल्या वाचकांनी जरूर जाणून घ्यावी. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्षेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधायचा कसा, हा खरा प्रश्न होता. तो सोडवणारी वर्गीकरणाची पद्धत मुख्यतः काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांच्या मेहनतीतून उभी राहिली. एक मुसलमान, एक हिंदू. पण जगभर ती ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली गेली, कारण एडवर्ड हेन्री हे त्यांचे वरिष्ठ साहेब होते. हक यांना पुढे ‘खानबहादूर’ किताब आणि पाच हजार रुपये मिळाले. माणसांची ओळख पटवण्याचे शास्त्र ज्यांनी घडवले, त्यांचीच ओळख त्या शास्त्राच्या नावात राहिली नाही.

हा अंगठा कोणाकडून घेतला गेला? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. १९११ च्या सुधारित कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद केली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे सरकारने भारतात गरिबाची ओळख प्रथम लिहून घेतली ती त्याला काही देण्यासाठी नव्हे, तर त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी. दक्षिण आफ्रिकेतही तेच झाले. ट्रान्सवालमधील प्रत्येक हिंदी माणसाने ठसे देऊन नोंदणी करावी, असा फतवा १९०६ मध्ये निघाला. ११ सप्टेंबर १९०६ च्या सभेत सेठ हाजी हबीब यांनी ईश्वराला साक्षी ठेवून या कायद्याला न जुमानण्याची शपथ घेण्याचे सुचवले. पुढे तडजोड होऊन गांधीजींनी स्वेच्छेने नोंदणीला मान्यता दिली. पण सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे जाळण्यात आली. सत्याग्रहाचा जन्म ओळखपत्राच्या प्रश्नातून झाला, हे आपण आपल्या मुलांना क्वचितच सांगतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. आता कागद नागरिकाला हवा होता. धान्यासाठी, शाळेसाठी, मतासाठी, नोकरीसाठी. १९४३ मध्ये मुंबईत युद्धकाळामुळे सुरू झालेले रेशनिंग पुढे खेडोपाडी गेले आणि रेशनकार्ड हीच गरिबाची सनद झाली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे असे तीन रंग आले. टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ मध्ये, मतदार ओळखपत्राचा आरंभ झाला. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. तो १९७० पासून अमलात आला. कायदा आला, पण बाळंतपणे घरातच दाईच्या हातून होत राहिली, आणि जन्माची वर्दी ग्रामपंचायतीत द्यायची असते हे कित्येकांना ठाऊकच नव्हते.

ही पोकळी भरून काढली ती शाळेने. मुलाला घेऊन बाप शाळेत येई. जन्म कधीचा? ‘मोठ्या पुराच्या साली’, ‘बकरी ईदच्या आदल्या जुम्याला’, ‘उसाच्या तोडीत’. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोहोचतो का ते पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि जनरल रजिस्टरात १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये भरे, वय त्या तारखेला पुरे व्हावे एवढाच हिशेब. म्हणून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. लोक यावर विनोद करतात. पण त्या १ जूनने लाखो मुलांना शाळेचा दरवाजा उघडून दिला, हे विसरून चालणार नाही. तो मास्तर त्या मुलाचा पहिला सरकारी साक्षीदार होता.

त्या नोंदीचे ओझेही मागाहून जाणवले. दोन सख्ख्या भावांत कागदावर सहा महिन्यांचे अंतर पडले. कोणी खऱ्या वयाआधीच निवृत्त झाला. आणि एकदा रजिस्टरात जे लिहिले ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेले, दाखल्यावरून बोर्डाच्या प्रमाणपत्रावर, तेथून सगळीकडे. मूल शाळेत असेतोवर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटली की तीच दुरुस्ती डोंगराएवढी होते.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी सुरत-बारडोलीकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. बाळ तिकडे उसाच्या पालावर जन्मले तर त्याची नोंद कायद्याप्रमाणे जन्म जेथे झाला तेथेच, म्हणजे गुजरातच्या ग्रामपंचायतीत व्हायला हवी. ती आई पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शेतावर गेलेली असते. २१ दिवसांच्या आत वर्दी दिली तर नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नाही. कोयता सोडून त्या आदेशासाठी परराज्यात खेटे कोण घालणार?

आता आपल्या समाजाकडे वळू. आपल्याकडे जन्माची नोंद नसते असे नाही. अडचण बहुधा नोंद असूनही येते, कारण आपले एक नाव तीन लिप्यांतून प्रवास करते. उर्दूत ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोए अशी चार अक्षरे आहेत. मराठीत लिहिताना कोणी ‘ज’ लिहितो, कोणी ‘झ’. मग संगणकावर इंग्रजीत टाकताना ‘झ’ पाहून एक जण ‘झेड’ दाबतो, दुसरा ‘जेएच’. ज़ाकिर हा उर्दू वर्गात ज़ाकिर असतो, रजिस्टरात झाकीर, आधारवर जाकीर आणि बँकेत आणखी काही. शेख या दोन अक्षरांची इंग्रजी स्पेलिंगे आम्ही एकाच वर्गात चार पाहिली आहेत. मोहम्मद कुठे महंमद होतो, कुठे नुसता ‘मो.’. स्त्रियांचे तर विचारूच नका. माहेरी शेख हसीना, सासरी हसीनाबी, रेशनकार्डावर हसीनाबाई, आणि मतदार यादीत हसीना बेगम. चारही नावे खरी, चारही कागद खरे, पण खिडकीमागचा कारकून म्हणतो, ‘ही बाई एकच आहे याला पुरावा काय?’

हे काही आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या शाळेतील एका मुलीची शिष्यवृत्ती नावातल्या एका वेलांटीसाठी अडली. वडील ट्रकवर क्लीनर. त्यांची चार दिवसांची रोजी गेली, प्रतिज्ञापत्र झाले, आधार केंद्रावर दोन खेपा झाल्या. शेवटी वेलांटी सुधारली, पण तोवर अर्जाची मुदत टळली होती. पुढे राज्यात शिक्षकांची पदे आधार-वैध विद्यार्थ्यांच्या संख्येवरून ठरू लागली, तेव्हा ही वेलांटी विद्यार्थ्याइतकीच शाळेच्याही जिवावर उठली. ज्या शाळेत नावे तीन लिप्यांतून येतात, त्या शाळेत न जुळणारी नावे अधिक असणार, हे उघड आहे.

जातीच्या रकान्याचाही इतिहास ध्यानात घ्यावा. पिंजारी, तांबोळी, बागवान अशा जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. परंतु जुन्या रजिस्टरात ‘जात’ या शब्दापुढे सर्रास ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले आढळते. आजोबांना धर्म विचारला की जात, हे कळले नाही. त्यांनी अभिमानाने जे सांगायचे ते सांगितले. आता नातवाला जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या पुराव्यावर ‘मुसलमान’ लिहिलेले असते. ही गाठ सोडवण्यासाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार यांच्यासारखी व्यक्ती तिच्या व्यासपीठावर आली. मंडल आयोगाची अंमलबजावणी आणि १९९२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर राज्य शासनाने १९९४ मध्ये मुस्लिम ओबीसींच्या दाखल्यांबाबत निर्णय काढला. कागदाचा अडथळा संघटित प्रयत्नाने दूर होतो, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण आहे. त्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन केले काय? लोकांना त्यांचे जुने कागद शोधायला लावले, आणि त्यांच्या वतीने अधिकाऱ्यासमोर उभे राहिले.

आता पुन्हा टेंभलीकडे येऊ. आधार योजना आखणाऱ्यांना हा इतिहास अगदीच अपरिचित नव्हता. ज्याच्यापाशी एकही कागद नाही, त्याच्यासाठी त्यांनी ‘परिचयदाता’ ही तरतूद केली होती. म्हणजे शिक्षक, अंगणवाडी सेविका, सरपंच, पोस्टमन यांच्यासारख्या नेमून दिलेल्या माणसाने सांगायचे, ‘मी याला ओळखतो’, आणि त्या शब्दावर नोंदणी व्हायची. जुन्या महजराचाच हा नवा अवतार होता! पण प्रत्यक्षात काय झाले? २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारात प्राधिकरणाने दिलेल्या उत्तरानुसार तोवर दिलेल्या सुमारे ८३ कोटी ५० लाख क्रमांकांपैकी केवळ २ लाख १९ हजार क्रमांक परिचयदात्यामार्फत दिले गेले होते. टक्केवारी काढली तर ०.०३. बाकी जवळजवळ सगळ्यांनी आधीची कागदपत्रे दाखवूनच नवा कागद मिळवला होता.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार या आकड्यात आहे. कागद कागदाला जन्म देतो. ज्याच्यापाशी एक आहे त्याला दहा मिळतात. ज्याच्यापाशी एकही नाही, त्याच्यासाठी माणूसच उभा राहावा लागतो. यंत्राने अंगठा ओळखला, पण अंगठ्याच्या मालकाला रांगेपर्यंत कोणी आणायचे, त्याचे नाव नीट कोणी लिहायचे, हे काम यंत्राचे नव्हते. टेंभलीच्या लोकांनीही पुढे भेटायला आलेल्या पत्रकारांना हेच सांगितले की क्रमांक आला, मजुरी होती तशीच राहिली.

वाचक म्हणतील, ही सगळी सरकारी योजनांची गोष्ट झाली. आपण घाबरायचे कारण काय? २०१९ नंतर हा प्रश्न केवळ योजनांचा राहिलेला नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामची नागरिक नोंदवही जाहीर झाली आणि १९ लाखांहून अधिक लोक तिच्याबाहेर राहिले. तेथे विवाहित स्त्रियांचे हाल विशेष झाले. शाळेत न गेलेली, लवकर लग्न झालेली बाई आपल्या बापाची मुलगी आहे हे दाखवणार कशी? सुमारे ४८ लाख अर्जदारांनी ग्रामपंचायतीच्या सचिवाचा दाखला जोडला होता. उच्च न्यायालयाने तो नाकारला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो ग्राह्य धरला. पुन्हा तेच दिसते: गावातल्या एका ओळखीच्या माणसाच्या सहीवर लाखो बायकांचे भवितव्य टांगले होते. त्या हिवाळ्यात मालेगावात जन्मदाखल्यासाठी लागलेल्या रांगा आपण पाहिल्या आहेत. आणि जानेवारी २०२५ मध्ये उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून त्याच मालेगावात विशेष तपास पथक नेमले गेले, राज्यभर असे दाखले देणे थांबले, आणि पुढे नवी, अधिक कडक कार्यपद्धती आली. खोटा दाखला करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र घरात जन्मलेल्या, नोंद राहून गेलेल्या खऱ्या माणसालाही आता त्याच चाळणीतून जायचे आहे. तेव्हा संशयाला जागा राहणार नाही असा व्यवहार ठेवणे, हाच आपल्या हातातला उपाय आहे.

यात एक आशेची खूण आहे. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात मृताचे वय ठरवताना आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे आता वारंवार सांगितले जाते. नागरिकत्वाचा तर तो कधीच नव्हता. म्हणजे फिरून ओळखीचा कागद पुन्हा शाळेच्या त्या जाड, दोरीने बांधलेल्या रजिस्टराशी येऊन ठेपला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंतचा पुरावा राहणार आहे. पण त्याआधी जन्मलेली करोडो माणसे अजून शाळेच्या शाईवरच उभी आहेत.

म्हणून आमचे सांगणे शिक्षक बांधवांना आणि मोहल्ल्यातील जाणत्यांना आहे. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे नाव उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत पालकासमोर ठरवून घ्यावे आणि तेच सगळीकडे चालवावे. १ मे २०२४ पासून राज्याने कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले आहे. वल्दियतीत केवळ बापाचे नाव सांगणाऱ्या आपल्या समाजाने या निर्णयाचे स्वागत करावे, कारण आईचे नाव कागदावर आले की मुलीची माहेरची कडी तुटत नाही. जात विचारली की धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत, हे पालकाला समजावून सांगावे. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. ते भिंतीवर लावावे. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव राहिले असेल तर ते पंधरा वर्षांपर्यंत भरता येते, हे घरोघरी सांगावे. निकाह पढवणाऱ्यांनी वधूचे नाव तिच्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे लिहावे. आणि दाखला मुदतीत मिळाला नाही तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येते, हे सेतू केंद्राच्या दारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे कोण? आपल्या मोहल्ल्यात बी.एड. झालेली, पदवी घेतलेली मुले-मुली आता कमी नाहीत. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि फॉर्म भरून देणारे दोन जण, एवढ्याने पुष्कळ काम होईल. मात्र त्या टेबलाशी येणारा केवळ आपलाच असेल, असे धरून चालू नये. ऊसतोडीवरून परतलेली भिल्ल, पावरा बाई आणि आपली हसीनाबी या दोघी तहसीलच्या एकाच खिडकीपुढे उभ्या असतात. दोघींना एकच प्रश्न विचारला जातो. एकीचा फॉर्म भरताना दुसरीचा भरून दिला, तर आपल्या जिल्ह्यात आपली ओळख आणखी थोडी पक्की होईल, आणि ती कोणत्याही क्रमांकावाचून होईल.

ट्रान्सवालच्या हिंदी लोकांनी कागद जाळला, टेंभलीच्या मजुरांनी कागद स्वीकारला. दोघांचेही म्हणणे एकच होते: आम्ही कोण आहोत हे आमच्या सन्मानासह लिहा. ते लिहिण्याचे काम येत्या जूनमध्ये पुन्हा शाळेच्या टेबलावर येईल. प्रत्येक मुलामागे दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे दिली, तर त्या मुलाला पुढच्या पन्नास वर्षांत कोणत्याही खिडकीवर साक्षीदार शोधावा लागणार नाही.